वॉल्टर बेंजामिनचे निबंध कसे वाचावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉल्टर बेंजामिन (१८९२–१९४०) या जर्मन विचारवंताचे कला, राजकारण आणि लेखन यांवरचे निबंध दृश्यकला, चित्रपट, पत्रकारिता, साहित्य अशा नाना अभ्यासक्रमांत नेमलेले असतात. बहुतेकांच्या हाती ते झेरॉक्सच्या रूपात पडतात: तळटीपा गळलेल्या, अनुवादकाचं नाव कापलेलं आणि निबंध कुठल्या वर्षीचा याचा पत्ता नाही. खालची उत्तरं प्रामुख्याने अशा वाचकांसाठी आहेत, ज्यांनी एखादा निबंध एकदा वाचून बाजूला ठेवला आहे.

सुरुवात कोणत्या निबंधापासून करावी?

सगळ्यांत गाजलेल्या, म्हणजे पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीवरच्या निबंधापासून नको. त्यात बेंजामिनने आधी इतरत्र सविस्तर लिहिलेल्या गोष्टी दोन-दोन ओळींत उरकल्या आहेत, आणि नवा वाचक नेमका त्या दोन ओळींत अडकतो.

आधी १९३१ चा 'माझं ग्रंथालय उघडताना' वाचा. इंग्रजीत जेमतेम नऊ पानं आहेत, विषय पुस्तकं जमवण्याच्या वेडाचा आहे, आणि एका बैठकीत त्याच्या लिहिण्याची चाल कानाला सवयीची होते. मग त्याच वर्षीचा 'छायाचित्रणाचा लघु इतिहास'. 'ऑरा'ची, म्हणजे मूळ वस्तूभोवतीच्या वलयाची, प्रसिद्ध व्याख्या पहिल्यांदा इथेच भेटते, पण हवेत नाही. प्रत्यक्ष फोटोंच्या सोबतीने. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिलने टिपलेली न्यूहेवनची कोळीण, स्टुडिओतल्या सजावटीत अवघडून उभा असलेला लहानगा काफ्का, ओझेन आत्जेचे पॅरिसमधले निर्मनुष्य रस्ते. हे फोटो इंटरनेटवर सहज सापडतात. ते शेजारी उघडे ठेवूनच वाचा. निम्मा अवघडपणा तिथेच सुटतो.

यानंतर कलाकृतीवरचा निबंध, मग 'लेखक : एक उत्पादक' (१९३४), मग 'कथेकरी' (१९३६). इतिहासावरचे प्रबंध (म्हणजे क्रमांक घातलेली छोटी टिपणं) आणि अनुवादकाच्या कार्यावरचा निबंध शेवटी. हा क्रम लेखनकाळाचा नाही, चढाच्या हिशेबाने लावलेला आहे.

निबंध इतके अवघड का वाटतात? वाक्यं तर समजतात.

हे निरीक्षण बरोबर आहे. बेंजामिनचं एकेक वाक्य हेगेल किंवा हायडेगरच्या मानाने सोपं असतं. अवघडपणा वाक्यात नाही, सांध्यात आहे. एक परिच्छेद संपतो, दुसरा सुरू होतो, आणि 'म्हणून', 'परंतु', 'याउलट' यांपैकी काय धरायचं ते तो सांगत नाही. हे निष्काळजीपणाने झालेलं नाही. अवतरणं आणि तुकडे शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या जुळणीतून अर्थ काढायचा, ही पद्धत त्याने जाणूनबुजून निवडली होती. १९२८ मध्ये आलेलं 'एकदिशा मार्ग' हे त्याचं पुस्तक अशा तुकड्यांचंच आहे, आणि पॅरिसच्या आच्छादित बाजारगल्ल्यांवरचं अपुरं राहिलेलं मोठं काम तर बहुतांशी अवतरणांचं आहे.

म्हणून वाचकाचं मुख्य काम म्हणजे गाळलेले सांधे भरणं. जो 'याची व्याख्या काय, त्याची व्याख्या काय' करत वाचतो तो थकतो. एकच शब्द बेंजामिन वेगवेगळ्या निबंधांत वेगळ्या कामाला लावतो, त्यामुळे व्याख्यांची वही फार काळ टिकत नाही.

मग प्रत्यक्ष वाचायचं कसं?

त्याचे बरेच निबंध रोमन आकड्यांच्या विभागांत असतात. ते विभाग हेच एकक माना. पान नव्हे, परिच्छेदही नव्हे.

पहिल्या वाचनात पेन्सिल उचलू नका. निबंध सलग संपवा, न कळलेलं सोडून द्या. कलाकृतीवरच्या निबंधाला यासाठी साधारण दोन तास पुरतात. दुसऱ्या वाचनात प्रत्येक विभागासाठी एकच मराठी वाक्य लिहा, पूर्ण क्रियापदासह. 'चित्रपट आणि अभिनय' हे चालणार नाही. 'चित्रपटातला नट प्रेक्षकांसमोर नव्हे तर यंत्रासमोर अभिनय करतो, म्हणून त्याची परीक्षाही यंत्राच्या अटींवर होते' हे चालेल. क्रियापद लिहिता आलं नाही, तर तो विभाग कळलेला नाही असं खुशाल समजा. तिसऱ्या फेरीत या वाक्यांच्या मध्ये जोडशब्द घाला. इथेच खरी अडचण येते. दोन विभागांमध्ये 'म्हणून' बसतं की 'तरीही', यावर निबंधाचा अख्खा अर्थ पालटू शकतो, आणि गटात वाचत असाल तर वाद याच जागी होऊ द्या.

आणखी एक उपाय खुद्द बेंजामिनचा. 'एकदिशा मार्ग'मध्ये तो म्हणतो की मजकूर नुसता वाचणं आणि हाताने उतरवून काढणं यांत विमानातून रस्ता पाहणं आणि त्या रस्त्याने चालणं इतका फरक आहे. विमानातल्या माणसाला रस्ता निसर्गातून कसा जातो एवढंच दिसतं. चालणाऱ्याला त्याची वळणं हुकूम सोडतात. संपूर्ण निबंध उतरवायची गरज नाही. अडलेला एक परिच्छेद हाताने लिहा, टाइप करू नका. सावकाश लिहिताना 'पण', 'मात्र', 'केवळ' असे छोटे शब्द नजरेतून निसटत नाहीत, आणि बेंजामिनचा कल बहुधा त्यांच्यातच असतो.

कलाकृतीवरचा निबंध दोन वेगळ्या नावांनी दिसतो. हे दोन निबंध आहेत का?

निबंध एकच, पण त्याच्या आवृत्त्या अनेक. सगळ्यांत जास्त घोळ याच प्रश्नावर होतो, म्हणून जरा विस्ताराने.

बेंजामिनने हा निबंध १९३५ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये लिहायला घेतला. हाताने लिहिलेला पहिला खर्डा, मग १९३६ च्या सुरुवातीपर्यंत पुरा झालेला विस्तृत दुसरा मसुदा, मग १९३६ मध्ये पिअर क्लोसोव्स्कीने केलेला फ्रेंच अनुवाद, आणि १९३९ पर्यंत दुरुस्त होत राहिलेला तिसरा जर्मन मसुदा. साधारणपणे अशा चार आवृत्त्या धरल्या जातात. त्याच्या हयातीत छापला गेला तो फक्त फ्रेंच अनुवाद, सामाजिक संशोधन संस्थेच्या नियतकालिकात. माक्स होर्कहायमरच्या या संस्थेला निर्वासित अवस्थेत राजकीय जोखीम नको होती. त्यामुळे मार्क्सचा उल्लेख असलेला पहिला विभाग गाळला गेला, 'फॅसिझम'च्या जागी 'सर्वंकष सत्तेचे राज्य' आलं आणि 'साम्यवाद'च्या जागी 'मानवजातीच्या विधायक शक्ती'. निबंधाचं शेवटचं वाक्य त्यामुळे किती बोथट झालं असेल, याची कल्पना करा.

तिसरा मसुदा १९५५ मध्ये बेंजामिनचा मित्र, तत्त्वज्ञ अडोर्नोने संपादित केलेल्या संग्रहात आला आणि त्यावरून हॅरी झोनने केलेला इंग्रजी अनुवाद १९६८ च्या 'इल्युमिनेशन्स'मध्ये. 'मेकॅनिकल रिप्रॉडक्शन' हे नाव तिथलं. दुसरा मसुदा मात्र १९८९ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. इंग्रजीत तो हार्वर्डच्या निवडक लेखनाच्या तिसऱ्या खंडात (२००२) आहे, 'टेक्नॉलॉजिकल रिप्रॉड्यूसिबिलिटी' या नावाखाली.

तुमच्या हातातली प्रत कोणती हे ओळखायला विभाग मोजा. प्रस्तावना, पंधरा विभाग आणि उपसंहार असेल, आणि सुरुवातीला फ्रेंच कवी पॉल व्हॅलेरीचं अवतरण असेल, तर तिसरा मसुदा. सलग एकोणीस विभाग असतील तर दुसरा. मिकी माऊस भेटला तरी दुसराच.

कोणता मसुदा वाचावा?

एकच वाचणार असाल तर दुसरा. त्यात 'पहिलं तंत्रज्ञान' आणि 'दुसरं तंत्रज्ञान' हा भेद आहे: पहिलं माणसाला वापरून घेतं, त्याचं टोक नरबळी, दुसरं माणसाला शक्य तितकं बाजूला ठेवतं, आणि त्याचं मूळ खेळात आहे. चित्रपट माणसाला या दुसऱ्या तंत्रज्ञानाशी जुळवून घ्यायचा सराव देतो, अशी बेंजामिनची आशा होती. तिसऱ्या मसुद्यात हा धागा जवळपास गायब आहे. नुसता तिसरा वाचलेल्यांना चित्रपटाबद्दलचा त्याचा उत्साह भाबडा वाटतो, कारण त्या उत्साहामागचा युक्तिवादच त्यांच्यापुढे आलेला नसतो.

परीक्षेसाठी जुना अनुवाद नेमलेला असेल, तर अवतरणं त्यातूनच द्या आणि समजून घेण्यासाठी दुसरा वाचा. दोन मसुद्यांतली अवतरणं एकाच उत्तरात मिसळू नका. दोन्हींतले विभागांचे आकडे जुळत नाहीत; ऑराची व्याख्या तिसऱ्या मसुद्यात विभाग ३ मध्ये आहे, दुसऱ्यात विभाग ४ मध्ये.

'ऑरा' म्हणजे नक्की काय?

बेंजामिन ऑराचं वर्णन दोन बाजूंनी करतो, आणि दोन्ही हव्यात.

पहिली बाजू वस्तूची. मूळ कलाकृती एका जागी असते, एका काळातून आलेली असते. तिच्यावर चढलेली पुटं, तिच्या मालकीचे फेरफार, भेगा, हे सगळं मिळून तिचं 'इथे आणि आत्ता'. छापील प्रतीत नेमकं हेच उतरत नाही. दुसरी बाजू पाहणाऱ्याच्या अनुभवाची. उन्हाळ्यातल्या दुपारी क्षितिजावरची डोंगररांग किंवा आपल्यावर सावली टाकणारी फांदी पाहत राहणं, आणि ती वस्तू कितीही जवळ असली तरी तिच्यातलं दूरपण जाणवत राहणं. या दूरपणाचं मूळ तो पूजेत शोधतो. गाभाऱ्यातली मूर्ती दिसली काय न दिसली काय, ती असणं महत्त्वाचं. याला तो पूजामूल्य म्हणतो. वस्तू जितकी लोकांपुढे मांडली जाते, तितकं प्रदर्शनमूल्य वाढतं आणि पूजामूल्य मागे हटतं.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका यायलाच हवी. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचली, चौकटीत बसली, आणि तिला हळदकुंकू लागलं. प्रती हजारोंनी निघाल्या, तरी पूजामूल्य आटलं नाही. उलट देवळाची पायरी चढू न दिलेल्यांच्या घरीही ते गेलं. मोबाइलच्या पडद्यावर पंढरपूरच्या विठ्ठलाचं दर्शन घेऊन हात जोडणारा माणूस बेंजामिनच्या आलेखात नीट बसत नाही.

यावरून बेंजामिन चुकला असं लिहून मोकळं होण्याची घाई नको. त्याचा मुद्दा युरोपातल्या एका विशिष्ट प्रवासाबद्दल आहे: पूजेची वस्तू, मग संग्रहालयातली सौंदर्यवस्तू, मग छापील प्रत. आपल्याकडे मधला टप्पा बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही. शिवाय त्याच्याच निबंधात याची एक फट आहे. जुन्या फोटोंतले माणसांचे चेहरे, दूरच्या किंवा गेलेल्या प्रियजनांची आठवण, हा पूजामूल्याचा शेवटचा आश्रय, असं तो म्हणतो. भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो आठवला की हे वाक्य लगेच कळतं.

ऑरा नष्ट झाल्याचं त्याला वाईट वाटतं की बरं वाटतं?

दोन्ही, आणि एकाच वर्षी. १९३६ मध्येच आलेल्या 'कथेकरी' या निबंधात रशियन लेखक निकोलाय लेस्कोवच्या निमित्ताने तो सांगतो की अनुभव एकमेकांना सांगण्याची क्षमताच लोप पावते आहे. पहिल्या महायुद्धातून माणसं मुकी होऊन परतली. तिथला सूर हळहळीचा आहे. कलाकृतीवरच्या निबंधात मात्र तोच ऱ्हास मुक्तीची संधी म्हणून येतो. त्यामुळे 'बेंजामिनच्या मते ऑरा गेल्याने कलेचं अधःपतन झालं' हे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतलं लाडकं वाक्य सरळ चूक आहे, आणि 'बेंजामिन ऑराच्या नाशाचा जयजयकार करतो' हेही अर्धंच. दोन्ही निबंध एकाच आठवड्यात वाचले तर हा ताण हाताला लागतो.

कलाकृतीवरच्या निबंधाचं शेवटचं वाक्य, 'राजकारणाचं सौंदर्यीकरण' आणि 'कलेचं राजकीयीकरण', याचा अर्थ कसा लावायचा?

उपसंहार वेगळा काढून वाचा, तो दोन पानांचाही नाही. फॅसिझम जनतेला अभिव्यक्ती देतो पण हक्क देत नाही, हा त्यातला गाभा. मालमत्तेचे संबंध बदलण्याची मागणी करणाऱ्या जनसमूहाला संचलनं, मेळावे, ध्वज, कॅमेरे मिळतात. जनता स्वतःलाच भव्य रूपात पाहते. आणि मालमत्ता जिथल्या तिथे राहते. अशा राजकारणाची सगळी वाट एकाच ठिकाणी पोचते, युद्धात. पुरावा म्हणून इटलीने इथिओपियावर केलेल्या आक्रमणाच्या वेळी इटालियन कवी मारिनेत्तीने लिहिलेला, युद्धाला सुंदर म्हणणारा जाहीरनामा तो उद्धृत करतो.

म्हणजे 'राजकारणाचं सौंदर्यीकरण' याचा अर्थ 'नेत्यांनी देखणे कार्यक्रम करणं' इतका सैल नाही. हक्काच्या जागी देखावा देणं, असा तो अदलाबदलीचा आरोप आहे. एखाद्या सभेबद्दल ही संकल्पना वापरायची असेल तर आधी दाखवावं लागेल की लोक काय मागत होते आणि त्याऐवजी त्यांना काय दाखवलं गेलं. हे दाखवता येत नसेल तर दुसरी संकल्पना शोधा.

उरलेला अर्धा भाग, म्हणजे कलेचं राजकीयीकरण, निबंधात उलगडलेला नाही. ते एकच वाक्य आहे आणि तिथे निबंध थांबतो. त्याचा अर्थ 'कलेतून प्रचार करावा' असा लावणाऱ्यांनी दोन वर्षं आधीचं 'लेखक : एक उत्पादक' वाचायलाच हवं.

'लेखक : एक उत्पादक' लेखकांकडून नेमकं काय मागतो?

पॅरिसमधल्या फॅसिझमच्या अभ्याससंस्थेपुढे द्यायचं भाषण म्हणून हा मजकूर आहे. त्यावर तारीख २७ एप्रिल १९३४ ची. छापून आला तो थेट १९६६ मध्ये. अठरा-एक पानांत बेंजामिन एका जुन्या वादाची मांडणीच बदलतो. वाद असा: साहित्यिकाची राजकीय भूमिका योग्य असली की पुरे, की साहित्यगुणही हवा? तो म्हणतो, प्रश्न चुकीचा आहे. एखादी कृती तिच्या काळातल्या उत्पादनसंबंधांविषयी काय म्हणते, हे विचारण्याआधी ती त्या संबंधांच्या *आत* कुठे उभी आहे ते विचारा. म्हणजे ती कोण छापतं, कोण वाचतं, वाचणारा लिहिणारा होऊ शकतो का, आणि या कृतीमुळे त्या यंत्रणेत काही बदललं का.

उदाहरण सर्गेई त्रेत्याकोवचं. सामूहिक शेतीच्या मोहिमेत हा रशियन लेखक एका कम्यूनमध्ये जाऊन राहिला. सभा बोलावल्या, ट्रॅक्टरसाठी पैसे गोळा केले, वाचनालयांची पाहणी केली, भित्तिपत्रकं सुरू केली, रेडिओ आणि फिरता सिनेमा आणला, मॉस्कोच्या वर्तमानपत्रांना वार्तापत्रं पाठवली. हे साहित्यिकाचं काम नाही, असा आक्षेप येणार हे बेंजामिनला ठाऊक आहे. तो आक्षेप कादंबरी, कविता, नाटक हीच कायमची साहित्यरूपं मानण्यातून येतो, असं त्याचं उत्तर. (त्रेत्याकोवला १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीनेच गोळ्या घातल्या. हे उदाहरण आज वाचताना ती जाणीव ठेवावी लागते, आणि कम्यूनमधल्या शेतकऱ्यांचं पुढे काय झालं तीही.)

उलट बाजूला तो आल्बर्ट रेंगर-पाचचे फोटो ठेवतो. गरिबीसुद्धा सुंदर चौकटीत पकडली की ती उपभोगाची वस्तू होते. विषय डावा, परिणाम गुळगुळीत. फोटोग्राफरने चित्राखालची ओळ लिहायला शिकावं, असा त्याचा सल्ला आहे.

वाचताना एक गोष्ट हमखास फसवते. वर्तमानपत्राबद्दलचा एक लांब उतारा तो 'एका डाव्या लेखकाचा' म्हणून देतो. तो लेखक शोधत बसू नका. उतारा बेंजामिनचा स्वतःचाच आहे, काही आठवडे आधी छापलेला.

सराव म्हणून हाच प्रश्न १९६० च्या दशकातल्या मराठी अनियतकालिकांना विचारून पाहा. आशय बंडखोर होता हे सगळे सांगतात. पण छपाई, वितरण आणि लेखक-वाचक यांच्यातलं अंतर यांत नेमकं काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे लिहायला बसलात की निबंधाची धार कळते.

मार्क्सवाद आधी शिकावा लागेल का?

नाही. 'उत्पादनसंबंध' म्हणजे उत्पादनाची साधनं कोणाच्या मालकीची आणि त्यामुळे कोण कोणाच्या अधीन, एवढं पुरतं. त्याहून उपयोगी पडेल ते त्याचे तीन मित्र माहीत असणं: नाटककार ब्रेख्त, तत्त्वज्ञ अडोर्नो, आणि ज्यू गूढवादाचा अभ्यासक गेर्शोम शोलेम. तिघांना एकमेकांचा प्रभाव बेंजामिनवर नको होता. कोणता निबंध यांपैकी कोणाच्या दिशेला झुकला आहे, याचा अंदाज घेत वाचलं की सूर पकडता येतो. 'लेखक : एक उत्पादक' ब्रेख्तच्या बाजूला अगदी टेकलेला आहे. कलाकृतीवरच्या निबंधाला अडोर्नोने १८ मार्च १९३६ च्या पत्रात दिलेलं उत्तर तर जोडवाचन म्हणून ठेवावंच. सिनेमागृहातलं हसणं क्रांतिकारक असतं हे त्याला मुळीच पटलं नव्हतं.

इतिहासावरचे प्रबंध दहा-बारा पानांचे आहेत. तरी काहीच हाती लागत नाही. काय करावं?

क्रमाने वाचू नका. पहिला प्रबंध, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा बाहुला आणि टेबलाखाली दडलेला कुबडा खेळाडू, हा सगळ्यांत कोड्यासारखा आहे. सुरुवात ६ ते ९ पासून करा. सहावा: भूतकाळ 'प्रत्यक्षात कसा होता' ते जाणणं म्हणजे इतिहास नव्हे, धोक्याच्या क्षणी लखकन चमकणारी आठवण पकडणं म्हणजे इतिहास. सातवा: इतिहासकार जेत्यांशी समरस होतो, आणि संस्कृतीचा प्रत्येक दस्तऐवज रानटीपणाचाही दस्तऐवज असतो. आठवा: आपण जिच्यात जगतो ती 'आणीबाणी' अपवाद नसून नियम आहे, हे दडपलेल्यांची परंपरा शिकवते. नववा: पाउल क्लेच्या चित्रातला देवदूत.

आठव्यापाशी मराठी वाचकाला १९७५ आठवणं साहजिक आहे. तुलना जरूर करा, पण आधी मूळ रोख पाहा. फेब्रुवारी १९३३ च्या अखेरीस राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, आगीनंतर निघालेल्या अध्यादेशाने जर्मनीत नागरी हक्क गोठवले, आणि ते नाझी राजवट संपेपर्यंत तसेच राहिले. तिथे अपवाद बारा वर्षं चालला. शिवाय बेंजामिनचा बाण फॅसिस्टांइतकाच सोशल डेमोक्रॅट पक्षावर आहे: प्रगती आपोआप आपल्या बाजूने वाहते आहे, या समजुतीनेच कामगारवर्गाला सगळ्यांत जास्त बिघडवलं, असं तो अकराव्या प्रबंधात म्हणतो. ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टालिन करार, मग फ्रान्समधल्या नजरकैद छावणीतले महिने, आणि १९४० च्या सुरुवातीला हे लेखन, अशी पार्श्वभूमी आहे.

देवदूताबद्दल इतकंच की तो आशेचं प्रतीक नाही. त्याला थांबून मेलेल्यांना उठवायचं आहे, पण वादळ त्याला मागे ढकलत भविष्यात नेतं, आणि त्या वादळाचं नाव प्रगती. हे चित्र बेंजामिनने १९२१ मध्ये विकत घेतलं होतं. आज ते जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. ते समोर ठेवून प्रबंध वाचला तर लगेच जाणवतं की ढिगारा, वादळ, स्वर्ग यांतलं काहीही चित्रात नाही. सगळं बेंजामिनने घातलेलं आहे.

हे टिपण छापायचा त्याचा इरादा नव्हता. छापल्याने उत्साही गैरसमजांना दार उघडेल, असं त्याने अडोर्नोची पत्नी ग्रेटेल हिला लिहिलं होतं. १९४२ मध्ये संस्थेने ते सायक्लोस्टाइल करून काढलं.

अनुवादकाच्या कार्यावरचा निबंध अनुवाद शिकायला उपयोगी पडेल का?

कार्यशाळेत वापरायला म्हणून नाही. बोदलेरच्या कवितांच्या त्याने केलेल्या अनुवादाची ही प्रस्तावना (१९२३), आणि कुठलीही कविता वाचकासाठी नसते, अशा अर्थाच्या घोषणेने ती सुरू होते. प्रस्तावनेत बोदलेरचा अनुवाद करण्याच्या अडचणींचा एक शब्द नाही. भाषांमधलं नातं हा तिचा विषय आहे, आणि १९१६ चा भाषेवरचा त्याचा निबंध वाचल्याशिवाय ती बहुतेक अपारदर्शक राहते. हिंसेवरचा १९२१ चा निबंधही याच कप्प्यात. राजकीय सिद्धांतवाल्यांना तो फार प्रिय आहे, पण त्यातल्या 'दैवी हिंसे'च्या कल्पनेवरून कोणतीही ठाम विधानं करण्याआधी हिंसेवर लिहिणारा फ्रेंच विचारवंत जॉर्ज सोरेल वाचून घ्या.

कोणती पुस्तकं घ्यावीत?

'इल्युमिनेशन्स' बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत असतं. राजकीय विचारवंत हाना आरेंटच्या लांब प्रस्तावनेसाठीही ते हाताळावं. त्यात ग्रंथालय, अनुवादक, कथेकरी, कलाकृती (तिसरा मसुदा) आणि इतिहासाचे प्रबंध आहेत. 'लेखक : एक उत्पादक' आणि हिंसेवरचा निबंध त्यात नाहीत, ते १९७८ च्या 'रिफ्लेक्शन्स'मध्ये. दृश्यकला किंवा माध्यमांचे विद्यार्थी असाल तर हार्वर्डने २००८ मध्ये काढलेला माध्यमविषयक लेखनाचा खंड एकटाच पुरतो: दुसरा मसुदा, छायाचित्रण आणि 'लेखक' तिन्ही त्यात मिळतात.

जर्मन वाचता येत असेल तर झुरकाम्प प्रकाशनाचे सात खंड (१९७२–१९८९) आहेत. त्याच्या हयातीत छापलेल्या मूळ जर्मन लेखनावरचा हक्क संपला आहे. मरणोत्तर छापलेल्याचा हिशेब वेगळा, आणि इंग्रजी अनुवादांवर अनुवादकांचा आणि प्रकाशकांचा हक्क अजून आहे. अख्खं पुस्तक स्कॅन करून वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याआधी हे लक्षात घ्या.

त्याच्या मृत्यूच्या प्रकाशात हे निबंध वाचावेत का?

शक्यतो नको. सप्टेंबर १९४० मध्ये पिरेनीज पर्वत ओलांडून तो पोर्तबोऊ या स्पॅनिश सीमागावी पोचला, पुढे जाऊ दिलं जाणार नाही असं कळलं, आणि तिथल्या हॉटेलात मॉर्फिन घेऊन त्याने जीवन संपवलं. ही हकीकत इतकी जड आहे की तिच्या सावलीत प्रत्येक ओळ भविष्यवाणी वाटू लागते. १९३१ चा बेंजामिन बर्लिनमध्ये रेडिओवर मुलांसाठी कार्यक्रम करत होता आणि बऱ्याच ठिकाणी तो चक्क विनोदी आहे. तो विनोद कानाआड जाऊ देऊ नका.

गटात वाचायचं असेल तर?

पाच ते आठ माणसं, दोन तास, एका बैठकीत तीन किंवा चार विभाग. दुसऱ्या मसुद्याला याप्रमाणे पाच-सहा बैठका लागतात. मजकूर मोठ्याने वाचा, आणि सगळ्यांच्या हाती एकच मसुदा आहे याची खात्री पहिल्याच दिवशी करा. हे न केल्याने अर्धा तास 'माझ्याकडे असं नाहीच' यात जातो. कोणी दुय्यम टीकाग्रंथातून उत्तर द्यायला लागलं तर निबंधातली ओळ दाखवायला सांगा. बैठक अडली की अडलेल्या विभागाचं एक वाक्य प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावं आणि मग सगळी वाक्यं एकापुढे एक वाचावीत.

एआयने तयार केलेल्या चित्रांना हे लागू पडतं का?

ऑराचा भाग जपून लावावा. बेंजामिनच्या युक्तिवादात फोटोची काच-पट्टी, म्हणजे निगेटिव्ह, आहे, कॅमेऱ्यासमोर काहीतरी खरंच घडलेलं आहे. प्रती कितीही निघोत आणि 'अस्सल प्रत कोणती' हा प्रश्न निरर्थक असो, यंत्रासमोर वस्तू होती. एआयच्या चित्रात ती नाही, त्यामुळे 'ऑरा पुन्हा गेला' एवढंच म्हणणं आळशीपणाचं. त्यापेक्षा १९३४ च्या निबंधातले प्रश्न इथे जास्त कामाला येतात: साधनं कोणाच्या मालकीची, कोणाच्या चित्रांवर ती घडली, आणि ती वापरणारा माणूस उत्पादक झाला की आणखी पक्का ग्राहक.